काळं व्हायचं क्रीम

"दाखव बरं तळहात. दाखव ना!"

मी हात पुढे केले. वहिनीनं आधी मोबाइलवर फोटो काढला, मग हसली. तिच्या सासूलाही बोलावून दाखवलं. दोघी पोट धरधरून हसल्या.

"अगं, हे टॅन व्हायचं क्रीम आहे. काळीनं काळं व्हायचं क्रीम लावलं!"

माय माझ्याजवळ ओट्याखाली, अंगणात उभी होती. ट्यूब तिनंच मागून आणली होती.

कुंभार पिंपळगावाजवळ वहिनीच्या सासरचा मोसंबीचा मळा. आम्ही मायलेकी तिथंच राबतो. वहिनी परदेशातून सुट्टीला आलेली. तिच्या ट्यूबवर इंग्रजीत 'टॅन' लिहिलेलं. मी बारावी झालेली, तेवढं वाचलं. गावातल्या पार्लरच्या पाटीवर 'टॅन काढून मिळेल' असं आहे. टॅन म्हणजे काढून टाकायची गोष्ट, एवढंच आम्हाला ठाऊक. मायनं हात जोडले, "पोरीला बघायला येऊन राह्यलेत, वहिनी." वहिनीनं उरलेली ट्यूब दिली. तेव्हाही ती हसली होती. मला वाटलं, माया आहे. तिला सगळं माहीत होतं.

आठ दिवस आंघोळ झाली की चोळत होते. कोपरं काळवंडली. आणि तळहात! माझ्या अंगावर तेवढीच एक उजळ जागा. तीही खारकेच्या रंगाची झाली.

हसून झाल्यावर वहिनी समजावायला लागली. "ऊन लागलं की कातडी स्वतःला वाचवायला रंग तयार करते. आमच्याकडे ऊनच नाही, म्हणून ट्यूब. आठवड्यात जाईल, वरवरचं असतं."

सासू म्हणाली, "वरचं जाईल गं. हिचं खालचं कुठं जाणार?"

मी हात मागं लपवले. त्याची लाज मला अजून वाटते.

घरी येऊन टाचा घासायच्या वजरीनं तळहात घासले. रक्त आलं. तेव्हा डोक्यात शिरलं. भर वैशाखात त्यांच्या मळ्यात या कातडीनं मला वाचवलं, आणि मी तिलाच दगडानं सोलत होते. त्यांना हा रंग आठ दिवसांपुरता विकत पाहिजे. आमच्या अंगावर जन्मभर दिसला की मात्र हसू येतं. वजरी फेकून दिली.

रविवारी वाटूरहून पाहुणे आले. चहा ठेवला तोच माय म्हणाली, "मूळची उजळ हाय. उन्हानं रापली."

मुलाची आई माझ्याकडं वळली. "बाही वर कर, बघू."

कापडाखाली ऊन पोचत नाही. तिथं अस्सल रंग सापडतो, म्हणून बघायचं. मायनं डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी कारण सांग म्हणून.

"न्हाई करत," मी म्हणाले. "उन्हानं रापले न्हाई मी. जन्माचीच काळी हाय. वर-खाली बराबर."

पाहुणे चहा तसाच टाकून उठले.

दोन दिवसांनी माय म्हणाली, "जरा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"जन्मभर बाही खाली ओढून बसावं लागलं असतं, माय."

तळहात आता उजळलेत. वहिनी पुन्हा सुट्टीला येणार आहे. या वेळी ओट्याखाली नाही, ओट्यावर चढून, तिच्या सासूसमोर विचारणार आहे, माहीत असून ट्यूब का दिली? मळ्यातलं काम गेलं तरी विचारणार.