नंदामावशीच्या भावाचं नाव

तिकोणा पेठेत माझी चहाची टपरी आहे, आणि टपरीमागं नंदामावशीचं घर. सत्तरी ओलांडली, पण बोलायला लागली की किल्ला उतरून आलेली पोरं हातातला चहा विसरतात. धरणग्रस्तांची मुलाखत घ्यायला कुणी आलं की मी मावशीकडंच धाडते. बाकीचे नुसते रडतात हो!

मदत काय मिळाली, असं विचारलं की ती म्हणते, "चादरी आन् दुधाची पावडर. ते दूध बघून आमची म्हैस लाजली!" धरणाविरुद्धच्या मोर्चात पोलिसाची काठी कशी चुकवली, ते तर उठून करून दाखवते. पण गोष्ट कुठलीही असो, शेवट एकच. त्याच मोर्चातून तिचा थोरला भाऊ भिकाजी पळाला, तो परत आलाच नाही. पुढं गाव पाण्यात गेलं आणि घर इकडं आलं. "त्यो माघारी आला तर पान्याकडं बघत बसंल. नाव छापा त्याचं. म्हनावं, नंदा हितं हाय."

ज्योत्स्नामॅडम पुण्याच्या. उठवलेली गावं, मोर्चे, लाठीमार, मदतीचं वाटप, असा त्यांचा अभ्यास. दोन पावसाळे येत राहिल्या, मावशीबरोबर भात लावायला चिखलातसुद्धा उतरल्या. यंदा पुस्तकच घेऊन आल्या. मावशीनं लगेच मला वाचायला बसवलं. म्हैस होती, चादरी होत्या. भावाच्या जागी मात्र 'अमृत'.

"ह्यो मेला अमृत कोन?"

मॅडम समजावायला लागल्या. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून माणसांची नावं बदलतात, गावाचंही बदलतात, अभ्यासात तशी रीतच असते म्हणे.

"आगं, लपवायला सांगितलं व्हय म्या?" मावशीचा आवाज चिरकला. "म्हशीवरनं हसवलं ते उगंच? लोकं आयकत्याल, त्यात त्याचं नाव जाईल म्हनून! तूच न्हाईसं केलंस की गं त्याला."

मला इतका संताप आला की मॅडमला चहाही देऊ नये असं वाटलं. पण त्यांचेही डोळे भरले. "मावशी, चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

"रडू नगं. काड ते मशीन."

मॅडमनी रेकॉर्डिंग सुरू करून मोबाईल पुढं धरला. मावशीनं पदर सारखा केला. या वेळी म्हैस नाही, काठी नाही.

"भिकाजीदादा, मी नंदा. आपलं घर पान्यात न्हाई आता. तिकोना पेठंत ये, सारिकाच्या टपरीवर इचार. दमला असशील, आदी चहा पी. मागच्या घरात मीच हाय."