हेमसिंगची रांग

केनवडच्या पीठचक्कीवर हेमसिंग रॉकेलच्या उपड्या डब्यावर बसून बोलायचा. इंजिन चालू असलं की ओरडून बोलायचा. बंद केलं तरी आवाज उतरायचा नाही. त्याला मत नाही अशी गोष्ट गावात नव्हती.

"मोटार आली म्हून गाव सुधरत नाई. मोटारीतून उतरते थो माणूस जुनाच असते."

"मास्तर पोरायकून घोकून घेते. घोकणारं पोर म्हणजे पट्टा. फिरवणारं चाक दुसऱ्याचं."

"सायेबाले काम येत नाई म्हून थो सायेब हाय. काम आलं असतं तं माह्याजवळ बसला असता, तेलात हात घालून."

जगदेव समोरच्या पोत्यावर बसून ऐकायचा. तो अमरावतीहून मराठी घेऊन बी.ए. झाला होता. नोकरी लागेपर्यंत काकाकडे राहत होता. काका म्हणजे शालिग्राम पाटील. चक्की त्याचीच. शेतही मोठं. पण इंजिनातलं त्याला काही कळत नव्हतं, म्हणून त्यानं हेमसिंगला ठेवलं होतं. हेमसिंग गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातला. कारंज्याकडे एका कापसाच्या जिनिंगमध्ये राहून इंजिन शिकला आणि भांडून परत आला. कोणाशी भांडला, असं विचारलं की म्हणायचा, "सगळ्यायशी."

या दोघांची दोस्ती कशी जमली ते गावाला कळलं नाही. जगदेवलाही नीट सांगता आलं नसतं. त्याला तोवर भेटलेली माणसं तोंड उघडण्याआधी समोर कोण आहे ते पाहून घेत. हेमसिंग पाहत नसे. एवढंच असावं.

चक्की दसऱ्याला सुरू झाली. त्या आठवड्यात जगदेव हळहळून म्हणाला होता, "आता जातं बंद पडेल. जात्यावरच्या ओव्या जातील. केवढी कविता होती ती."

हेमसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. "माह्या मायचे हात पायले का तू? घट्ट्यानं मूठ मिटत नाई तिची. तुले गाणं पाह्यजे असन तं तू दळ. सकाळी उठ, मांडी घाल अन् दळ. मंग गा."

जगदेव पोत्यावरचं पीठ झटकू लागला.

हेमसिंगचे चक्कीवर दोन नियम होते. पहिला, दगड रिकामे फिरू द्यायचे नाहीत. वरच्या पेटीत दाणा नसला आणि दगड फिरत राहिले, तर दगडच दगडाला खातो आणि ती भुकटी पिठात उतरते. दुसरा नियम, जो आधी आला त्याचं दळण आधी. टोपली रांगेत ठेवायची आणि टोपलीच्या मागं उभं राहायचं. टोपली कोणाची, ते विचारायचं नाही.

दुसऱ्या नियमानं गावाचं डोकं फिरलं. रांगेत पाटलांची टोपली महारवाड्यातल्या टोपलीमागं येऊ लागली. दगडांमध्ये आधीच्याचं मूठभर पीठ राहतंच. ते पुढच्याच्या पिठात जातं. घराघरांत तेवढीच चर्चा सुरू झाली. शेवटी बायकांनीच वाट काढली. आपली पाळी आली की आधी आपल्याच धान्यातली मूठभर ज्वारी टाकायची. तिनं दगडाचं तोंड धुवायचं. ते पहिलं पीठ खालच्या एका डब्यात सोडायचं आणि मग आपली टोपली लावायची. गावाचं समाधान झालं. रांग राहिली.

डब्यातल्या पिठाचं काय करायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं. हेमसिंग ते खायचा. चक्कीमागं तीन दगड मांडून भाकरी थापायचा.

"चव पाय," तो जगदेवला म्हणायचा. "याच्यात तुह्या काकूची ज्वारी हाय, गोजराबाईची हाय, न्हाव्याची हाय, मुल्लाची हाय. आख्खं केनवड हाय. कोणाले समजते का कोणता घास कोणाचा?"

जगदेवनं एकदा खाल्ली. भाकरीसारखी भाकरी होती.

गोजराबाई महारवाड्यातली. तोंडानं फटकळ. तिचा नवरा गावात दवंडी द्यायचा. हेमसिंग रांगेबद्दल भाषण करू लागला की ती म्हणायची, "बाबू, तोंड कमी चालव, चक्की चालव. तुह्या भाषणाचं पीठ होत नाई."

दिवाळी झाली आणि शालिग्रामनं विषय काढला. चक्कीसमोर बाज टाकून तो बसला होता.

"हेमसिंग, पुढच्या बाजारापासून महारवाड्याले सोमवार. त्या दिवशी फक्त त्यायचं. बाकी दिवस बाकीच्यायचे."

"काहून?"

"लोकं बोलून राह्यले."

"लोकं बोलतेतच. तोंडाले इंजिन लागत नाई."

जगदेव मध्येच म्हणाला, "काका, याच वर्षी अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला आहे. असं करता येत नाही."

"कायदा दिल्लीत झाला बापू. चक्की केनवडात हाय." शालिग्राम हेमसिंगकडे वळला. "अन् तू लय रांग-रांग करतं. तुह्या तांड्याचं एक तरी दळण आलं का इथं? तुही सोताची माय जात्यावर दळते. तिले नाई चालत तुही रांग, अन् मले शिकवून राह्यला."

हेमसिंगच्या कपाळाची शीर उठली. "येईन. बाजाराच्या दिवशी माही याडी येईन. रांगेत उभी राईन. ज्याच्या मागं पाळी येईन त्याच्या मागं."

"आली तं रांग ठेव," शालिग्राम म्हणाला. "आख्ख्या गावापुढं सांगतो. नाई आली, तं सोमवार."

तिथं दळायला आलेल्या दहाबारा जणांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावानं ऐकलं.

बाजाराच्या दिवशी भुरीबाई आली. हेमसिंगची याडी, म्हणजे आई. आरशांचा घागरा, हातभर बांगड्या, डोक्यावर ज्वारीची टोपली. मागं तांड्यातल्या चार बायका, त्यांच्याही टोपल्या. बाजार सोडून लोक चक्कीपुढं जमले. शालिग्राम बाजेवर होताच.

भुरीबाईनं रांग पाहिली. शेवटी गोजराबाई उभी होती. भुरीबाईनं तिच्या टोपलीमागं आपली टोपली ठेवली आणि उभी राहिली.

हेमसिंग पट्ट्याकडे पाहत राहिला. पण त्याचे कान लाल झाले होते.

गोजराबाईची पाळी आली. तिनं मूठ टाकली, दगडाचं तोंड धुतलं, मग टोपली पेटीत ओतली आणि रिकामी टोपली खाली लावली. पीठ पडू लागलं.

भुरीबाई पुढं सरकली. हेमसिंगला हळूच म्हणाली, "हिच्या मागं माहं?"

"व्हय."

"मूठ टाकाची असते म्हणे आधी."

"टाकतेत लोकं."

"मंग मी बी टाकतो. दोन टाकतो." तिनं टोपलीत हात घातला. मागच्या बायकांनीही मान हलवली. काम झालं होतं.

हेमसिंगनं तिथं गप्प बसायला हवं होतं. जगदेवनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हा गप्प बसणार नाही.

"कायले टाकतं मूठ?" हेमसिंग म्हणाला. "काय धुतं तू? दगडाले काय लागलं?"

"असू दे बाबू," गोजराबाई म्हणाली. "टाकू दे तिले."

"नाई, सांगू दे." त्यानं पायानं खालचा डबा पुढं ढकलला. इंजिनावरून आवाज चढवला. "हे धुतलेलं पीठ. सगळ्या गावाचं. मी दसऱ्यापासून हेच खाऊन राह्यलो. मेलो का? अन् याडी, तू बी खाल्लं. दिवाळीले मी पीठ आणलं होतं का नाई घरी? थे याच डब्यातलं. आख्ख्या तांड्यानं खाल्लं. कोण बाटलं? सांग, कोण बाटलं?"

शालिग्राम बाजेवर सरळ झाला.

भुरीबाईचा हात टोपलीतच राहिला.

"दिवाळीचं पीठ?" ती म्हणाली.

"व्हय."

"त्या पिठाचा मी भोग केला रे."

तांड्यात दिवाळीला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन विस्तवावर तूप, गूळ आणि भाकरीचा चुरा टाकतात. हेमसिंगला ते माहीत होतं. विस्तवापुढं तो स्वतः बसला होता. पण भाकरी कोणत्या पिठाची, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. पीठ म्हणजे पीठ, हेच तर त्याचं मत होतं.

"तुह्या बापाचं नाव घेतलं मी," भुरीबाई म्हणाली. ती आपल्या बोलीत बोलली नाही. सगळ्यांना कळावं असं बोलली. "लोकायनं फेकलेलं पीठ घातलं त्याले. दारोदारचं धुतलेलं. जित्तेपणी त्यानं कोणाचं उष्टं खाल्लं नाई."

"याडी, थे उष्टं नसते. दगडातलं—"

"हिच्या मागं उभी राह्यली मी." तिनं गोजराबाईकडे हात केला. "तू सांगतलं म्हून राह्यली. मले इचारलं असतं, बाई, हे पीठ असं असं हाय, तं मी खाल्लं बी असतं. मेलेल्याले कोण इचारते? त्याच्याशी बी तू भांडला का?"

तिनं टोपली उचलली. बायकांनीही उचलल्या. लोकांनी वाट दिली. ती गर्दीतून गेली तेव्हा तिच्या बांगड्यांचा आवाज इंजिनातूनही ऐकू आला, असं जगदेवला वाटलं.

कोणीतरी हसलं. शालिग्राम हसला नाही. त्यानं शांतपणे पान काढलं, चुना लावला. "सोमवार," तो म्हणाला.

हेमसिंग उठला. दगड आवळायचं चाक त्यानं धरलं आणि जोर लावून फिरवलं. कशासाठी, ते त्यालाच माहीत. मग बाजेसमोर जाऊन उभा राहिला.

"तुमी जिंकले नाई," तो ओरडला. "तुमाले वाटते जिंकले. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हाताचं खाता अन् हात तेवढे धुता! तुमाले चक्की देली कोण? यंत्र येते अन् तुमी त्याले बी जानवं घालता. उद्या चंद्रावर गेले तरी तिथं बी आदी इचारसान, हा दगड कोणाच्या रांगेतला!"

"बोल, बोल," शालिग्राम म्हणाला.

"बोलीनच! तांड्याले बी बोलीन! माह्या बापाले बी—"

"हेमसिंग," जगदेव म्हणाला. "वास येतोय."

जळका वास होता. पेटी केव्हाच रिकामी झाली होती. आवळलेले दगड एकमेकांवर घासत होते. खाली गोजराबाईच्या टोपलीत राखाडी भुकटी पडत होती. हेमसिंग धावला. पट्टा उतरवला. इंजिन तसंच धडधडत राहिलं.

गोजराबाईनं पिठात बोट घातलं, जिभेला लावलं. दातांखाली करकर वाजलं. तिनं ते थुंकलं.

"दगड हाय याच्यात," ती म्हणाली.

हेमसिंगनं चाक सैल केलं.

"मी तुले माह्यासाठी मारामारी करायले सांगतलं होतं का? रांग माह्यासाठी अन् राग तुह्यासाठी. तुह्या रागाचं पीठ माह्या लेकरायनं खावं का?"

हेमसिंगनं खालचा डबा उचलला. अर्धा भरलेला होता. तिच्यापुढं धरला.

"हे घे. चांगलं पीठ हाय."

"मले मिसळ नको. मी ज्वारी आणली होती. माही ज्वारीच दे, अन् दळून दे."

"दगडाले छिन्नीनं टाकी लावा लागते. आज होत नाई."

"मंग माह्या घरी जातं हाय. चाल, तूच दळ."

जमलेल्या लोकांना ती गंमत वाटली. शालिग्रामलाही. हेमसिंगनं मजुरीत मिळालेल्या आपल्या ज्वारीचं पोतडं खांद्यावर घेतलं. गोजराबाई पुढं चालू लागली. तो मागं. जगदेव क्षणभर थांबला. मग तोही निघाला.

"जगदेव," काकाचा आवाज आला. जगदेवनं मागं पाहिलं नाही. ते धैर्य नव्हतं. काकाकडे पाहून चालता आलं नसतं, म्हणून पाहिलं नाही.

गोजराबाईच्या छपरीत जातं होतं. हेमसिंग मांडी घालून बसला. खुंटा धरला आणि इंजिनासारखा ओढला. जातं उडालं, ज्वारी बाहेर सांडली. शेजारच्या बायका कुडाआडून फिदीफिदी हसल्या.

"हळू," गोजराबाई म्हणाली. "गरगर फिरवून पीठ होत नाई. भरड होते."

हेमसिंगनं पुन्हा ओढला. थोड्या वेळानं त्याचा तळवा सोलला. त्यानं हात पाहिला. पुन्हा खुंटा धरला. त्या दिवशी पहिल्यांदा जगदेवनं त्याला एखाद्या गोष्टीवर मत न देता पाहिलं.

"तू काय पाहून राह्यला?" गोजराबाई जगदेवला म्हणाली. "पाटलाचा असशीन तं जाय घरी. बसाचं असन तं बस समोर, धर खुंटा. दोघायचं काम हाय हे."

जगदेव बसला. एका खुंट्यावर चार हात आले. हेमसिंगनं त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत दोस्ती नव्हती. कोणासाठीच काही नव्हतं.

"गा," हेमसिंग म्हणाला. "आता गा की. केवढी कविता होती म्हणत होता."

जगदेवला परीक्षेसाठी कितीतरी ओव्या पाठ होत्या. त्यानं तोंड उघडलं. एकही आली नाही.

बाहेर रस्त्यावर हलगी वाजली. दवंडी होती. गोजराबाईच्या नवऱ्याचा आवाज गल्लीगल्लीतून जवळ येत गेला. महारवाड्याचं दळण सोमवारी, हो. बाकी दिवशी चक्कीवर येऊ नये, हो. त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. दवंडी जशी देतात तशी तो देत होता.

गोजराबाईनं ऐकलं. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकली.

"थांबले काहून?" ती म्हणाली. "वढा."