वहिनींचं चार मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या शेजाऱ्याला सगळी गल्ली मिलिग्रॅम म्हणते. वजनमापं तपासायच्या सरकारी नोकरीत त्याने तीस वर्षं दुकानदारांची झोप उडवली. मुलगी जन्मली तेव्हा स्वतःचा काटा नेऊन तिला पुन्हा तोलली आणि "तुमचा काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो," असं डॉक्टरांना सुनावलं. बाप कसला, पंचनामाच तो.

बायकोही त्याला काट्यापाशीच भेटलेली. प्रसूतिगृहाचा वजनकाटा तपासायला गेला, तर तिथली नर्स मनगटाकडे बघत म्हणाली, "चार मिनिटं उशीर केलात."

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

"घड्याळ बरोबर आहे. तुम्ही मागे आहात."

छत्तीस वर्षं हा खटला चालला. संध्याकाळी रेडिओवरून हा तिचं घड्याळ बरोबर करी. सकाळी चावी देताना ती काटा चार मिनिटं पुढे ढकली. समोर बसून चहा पिताना हा रोज ते बघे आणि कपाळावर हात मारून घेई.

वहिनी गेल्या. घड्याळ याने चालू ठेवलं. सकाळी चावी, संध्याकाळी रेडिओ. आठवडाभराने माझ्याकडे आला, चेहरा चुन्यासारखा.

"दुपारी बघतो तर चार मिनिटं पुढे. रोज. तीन नाही, पाच नाही."

"घड्याळ म्हातारं झालंय," मी म्हणालो.

घड्याळजी म्हणाला, आठ दिवस ठेवून जा, साफ करू. याने घड्याळ असं छातीशी धरलं, की घड्याळजीच घाबरला.

"आधी घरी मोजतो. दोष निघाला तर स्वतः आणून देईन. नाही निघाला, तर..."

मग मोजायचं कशाने, याचा शोध सुरू झाला. जावई इतक्या चौकशीने निवडला नव्हता. पहिल्यांदा मुलीने फोनवर एक अ‍ॅप घेऊन दिलं, ते टिकटिक ऐकून चूक सांगतं. फोनला फ्रिज ऐकू येई. फ्रिज बंद केला, दूध नासलं. मग फोनला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. फोटो काढून रोज वेळ ताडायची युक्ती मी सुचवली. "पुढे गेलंय हे मलाही दिसतंय," तो म्हणाला, "चाक पळतंय की कुणी ढकलतंय, ते हवंय." शेवटी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आलं. त्याच्या चिमट्यात घड्याळ धरायचं. आतला माइक ठोके ऐकतो आणि पडद्यावर ठिपक्यांची रेघ काढतो. रेघ चढली तर घड्याळ पळतंय, सपाट तर ठीक.

रेघ सपाट आली. उताणं, पालथं, उभं, आडवं, सगळं करून झालं. दिवसाला तीन सेकंद पुढे, बस.

"यंत्र खोटं असेल," मी म्हणालो.

"तपासलं. खरं आहे." यंत्राचीही तपासणी! पण आवाजात नेहमीची ऐट नव्हती. त्याने हळूच वहिनींच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि भर अकरा वाजता, लख्ख उन्हात, माझ्या मानेवर काटा आला.

मुलगी राहायला आली. सकाळी आम्ही तिघे चहाला बसलो. मिलिग्रॅमने घड्याळ उचललं, आमच्याशी साखरेबद्दल वाद घालत चावी दिली, घड्याळ जागेवर ठेवलं. मुलीचा कप तसाच हातात राहिला.

"बाबा, आत्ता काय केलंत?"

"चावी दिली."

"चावी देऊन घुंडी बाहेर ओढलीत. काटा ढकललात. पुन्हा दाबलीत. डिट्टो आईसारखं. करंगळीसुद्धा वर केली होतीत."

"मी? मी आयुष्यात कधी घड्याळ पुढे केलं नाही!"

"मीही पाहिलं," मी म्हणालो.

तो बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. एखाद्या दुकानदाराच्या खोट्या वजनाकडे बघावं, तसा.

दुसऱ्या दिवशी त्याने हातावर नजर रोखून चावी दिली. दुपारी घड्याळ बिनचूक होतं. जेवायला बसला आणि दोन घासांत उठला. दिवसभर कुणाशी वाद नाही, रेडिओ नाही.

यंत्र आता माळ्यावर आहे. घड्याळजीकडे कुणी गेलं नाही. सकाळी चहाला गेलो, की मिलिग्रॅम घड्याळ हातात घेतो, मान वळवून खिडकीबाहेर बघत राहतो आणि मला म्हणतो, "तूही तिकडेच बघ."

मी बघतो. मागे बारीक आवाज होतो, टक्.