पिंजा आणि चतकोर

पांढुर्णेवालीच्या मनगटात माझ्यापेक्षा जास्त जोर होता. मी जन्मभर संत्र्याच्या पेट्या ठोकल्या, तरी होता. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून फुलगोभी पिळली, तेव्हाही तीच जिंकली. माझ्या जुन्या धोतराचं फडकं, त्यात किसलेली गोभी, एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. दोघांनी पीळ द्यायचा, खाली परातीत पाण्याची धार पडायची. माझ्या हातून फडकं निसटलं. ती म्हणाली, "नुसते पेट्या ठोकाले भारी. द्या इकडं." मी म्हणालो, "एवढा जोर आहे तं तूच पिळ ना सगळी. मले काहून बोलावते वं?" तिनं फडकं ओढून घेतलं आणि एकटीनं पिळलं. अर्धी गोभी संध्याकाळसाठी टोपलीखाली झाकून ठेवली. दुपारी जेवणखाण उरकून ती आडवी झाली. चार वाजता मी चहासाठी हाक मारली, तर उठली नाही.

लग्न होऊन सौंसरला आली त्या दिवसापासून ती पांढुर्णेवाली. आमच्याकडे बायकांना माहेरच्या गावावरून असंच म्हणतात. शेजारची रामाकोनेवाली, मागच्या गल्लीतली लोधीखेडेवाली. मीही तिला पांढुर्णेवालीच म्हणायचो. मरणाच्या दाखल्यासाठी बाबूनं विचारलं, "बाईचं नाव?" तर माझ्या तोंडातून निघेना. नाव ठाऊक होतं. जीभ वळली नव्हती कधी त्या नावावर, म्हातारपणी कशी वळणार?

चतकोराची गोष्ट आधी सांगतो. माझी माय कडक होती. नव्या सुनेला सगळ्यांच्या मागून जेवायला बसवायची, आणि तोवर टोपलीत भाकर उरलेली नसायची. मी तिसरीतून शाळा सोडलेला, मायच्या तोंडाला तोंड देणारा नव्हतो. मी एवढंच केलं. माझ्या भाकरीची एक चतकोर मोडून ताटाच्या कडेला ठेवायची, वर चटणीचा गोळा, म्हणजे मायला वाटावं पोरानं उष्टं टाकलं. बायको नवऱ्याच्या ताटात जेवते हा तर रिवाजच. पहिल्या दिवशी ताट उचलताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसली का रडली, कळलं नाही. पण कळायचं ते दोघांना कळलं.

पुढं माय गेली. टोपलीत भाकरी उरायला लागल्या. तरी चतकोर राहिली. माझा हातच तसा वळायचा. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यावरून तिनं गावाचं ऐकून घेतलं, कधी माझंही. भांडून चार-चार दिवस अबोला राहायचा. त्या अबोल्यातही चतकोर चुकली नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. तिच्या टाचेला बाभळीचा काटा लागला आणि जखम भरेना. तिच्या भावाची पोर नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स. ती येऊन घेऊन गेली. तिथं कळलं, साखरेची बिमारी आहे. भात बंद, गूळ बंद, भाकर बंद, संत्रं बंद. सौंसरात राहून संत्रं बंद म्हणजे नदीत राहून आंघोळ बंद. मी कामावरून आलो की ती माझे हात हुंगायची. म्हणायची, "वास येऊन राहिला, तेवढाच पुरे मले."

"मंग खाऊ काय? गवत?" असं तिनं भाचीला विचारलं होतं. भाची म्हणाली, आत्या, नागपूरला मोठ्या हॉटेलात पिझा म्हणून जाड रोटीसारखं काही देतात, वर टमाटर-कांदा. आमच्या डॉक्टरीणबाई घरी तो फुलगोभीचा करतात, पीठ न घालता. गोभी किसायची, मीठ लावायचं, पिळायची, अंडं घालून थापायची, भाजायची. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अंडं माह्या तव्यावर चढत नाही." अंड्याच्या जागी तिनं जवसाची पूड घातली. जवस चिकट, धरून ठेवतो. वर टमाटर, कांदा, मिरची आणि दुधावरची साय. झाकण ठेवून स्टोच्या मंद वातीवर. दोन-चार बिघडले, पाचवा जमला.

नाव मात्र तिच्या जिभेवर 'पिंजा' झालं. भाचीनं दहा वेळा सुधारून दिलं. ही म्हणे, "किसलेली गोभी पाह्य. पिंजलेल्या कापसावानी दिसते का नाही? मंग पिंजाच बरोबर आहे. तुह्या नागपूरवाल्याइचंच चुकलं." गल्लीतल्या बायका यायच्या बघायला. गोभीचा हंगाम सरला की लौकीचा पिंजा, पत्तागोभीचा पिंजा. सगळ्यांना एकच सांगायची, "पिळा बरोबर. पाणी राह्यलं का मोडते."

मी पिंजा कधी खाल्ला नाही.

खोटं कशाला लिहू. तव्यावरचा गरम तुकडा घेऊन यायची, "एक घास तरी पाहा जी." मी म्हणायचो, "मी कापूस खात नाही. ढोरं बी खात नाहीत." माझी भाकर वेगळी. ती आधी माझी ज्वारीची भाकर थापायची, मग स्वतःचा पिंजा. भाजीही दोन तऱ्हेची. एक दिवस म्हणाली, "दोघाइचा पिंजाच करत जाऊ का? दोन दोन सैपाक होत नाही आता." मी म्हणालो, "बिमारी तुले आहे, मले नाही." एवढं बोलून मी भाकर मोडली. चतकोर ठेवली. हात धुतले. कामावर गेलो. ती जेवायला बसायची तेव्हा मी घरात नसायचो, नाहीतर पडवीत आडवा असायचो. इतकी वर्षं संसार केला, तिला जेवताना मी पाहिलेलं नाही.

भाचीनं एक निळं औषध आणि काचेची नळी दिली होती. औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर तापवायची. निळं राहिलं तर चांगलं, हिरवं म्हणजे थोडी साखर, पिवळं जास्त, आणि नारिंगी-लाल झालं तर वाईट. नळी तापवायचं काम माझं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून मी तापवायचो, ती बाजूला गुडघे पोटाशी घेऊन बसायची. रंग चढायला लागला की ती म्हणायची, "पिकलं जी संत्रं." आधी मला हसू यायचं. मग राग यायला लागला. एवढी मेहनत करते बाई, पिंजा खाते, आणि रंग पिवळ्याच्या खाली येत नाही. भाचीनं चिठ्ठीत लिहिलं: आत्या चोरून काही खाते काय, बघा.

मी बघायला लागलो. गुळाचा डबा पेटीत टाकून कुलूप लावलं. साखर रामाकोनेवालीच्या घरी नेऊन ठेवली. एकदा तर झोपेत तिच्या उशीखाली हात घालून पाहिला. ती जागीच होती. म्हणाली, "माह्यावर पहारा ठेवून राहिले का?" मी म्हणालो, "हाव. चोरावर ठेवाच लागते." दुसऱ्या दिवशी संत्रं पुन्हा पिकलं, तेव्हा मी अंगणात, रामाकोनेवालीसमोर ओरडलो, "ही चोरटी आहे! मराले बसली आहे आणि खाऊन राहिली!" रामाकोनेवाली काही बोलायला गेली. हिनं तिचा हात दाबला. मी तो हात दाबताना पाहिला, आणि मला वाटलं, ह्या दोघी मिळून गूळ खातात.

अशी माझी अक्कल.

ती रडली नाही. रडणाऱ्यांतली ती नव्हतीच. तिनं पायाची पट्टी सोडली, टाच धुतली, नवी पट्टी बांधली. टाच काळी पडायला लागली होती. संध्याकाळी पुन्हा गोभी किसायला बसली आणि मला हाक मारली, "या. टोक धरा."

शेवटच्या दुपारचं वर लिहिलंच आहे. त्या दुपारीही मी चतकोर ठेवूनच उठलो होतो.

सूर्य बुडायच्या आत गावानं तिला नेलं. भाचीला निरोप उशिरा पोचला, ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून रामाकोनेवाली तिच्या घरून भाकर-पिठलं घेऊन आली. मला भूक नव्हती. "दोन घास खा भाऊजी," म्हणून ती समोरच बसली. मी खाल्लं. किती खाल्लं, काय खाल्लं, माहीत नाही. उठलो, तर ताटाच्या कडेला चतकोर ठेवलेली. हातानं ठेवली होती, मी नाही.

रामाकोनेवाली ताट उचलायला वाकली आणि तशीच राहिली. मग खाली बसून रडायला लागली. "आता कोण खाईन वो हे?"

मी म्हणालो, "गाईले टाक. ती बी गाईलेच टाकत असन."

"गाईले?" तिनं पदरानं नाक पुसलं. "भाऊजी, एक दिवस बी नाही टाकली तिनं. दोन्ही टायमाची चतकोर खाये ते. मी भांडली तिच्यासंग. म्हटलं, बाई, तुले भाकर बंद आहे, फेकून दे. तं म्हणे, 'भात सोडला, गूळ सोडला, संत्रं सोडलं. हे एक राहू दे मले. हे काही भाकर नाही.'"

भाची माझ्याजवळ आली. म्हणाली, "मामाजी, चतकोर भाकरीनं माणूस मरत नाही. बिमारी जुनी होती. हृदयावर गेली." शिकलेली पोर आहे, खरंच बोलत असेल. पण नळीतला रंग मी बघितलेला आहे. आणि गुळाच्या डब्याला कुलूप मी लावलं होतं. उष्टं कुठं जातं, एवढं एक विचारलं असतं तर पुरे होतं. पण घरातलं उष्टं कुठं जातं हे पुरुषमाणूस विचारत नाही. आमच्याकडे तसं आहे.

मी आत गेलो. टोपलीखाली अर्धी गोभी होती, कालची, कडेनं जरा पिवळी पडलेली. किसणी घेऊन बसलो. बोटं सोलली. फडकं दोरीवर वाळत होतं, तिनंच टाकलेलं, ते काढलं, गोभी बांधली. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. भाची "मी धरते" म्हणाली, तिला नको म्हटलं. टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि पीळ दिला. एकट्यानं जेवढं निघालं तेवढं पाणी निघालं. मग स्टो पेटवला.

रामाकोनेवाली दारातून ओरडली, "भाऊजी! सुतकात इस्तो पेटवून राहिले? गाव काय म्हणंन?"

"म्हणू दे."

जवसाची पूड कुठल्या डब्यात, तेही मला ठाऊक नव्हतं. चार डबे हुंगून पाहिले. थापला, तव्यावर टाकला, झाकण ठेवलं. उलटताना मोडला. पाणी राहिलं होतं.

ते तुकडे ताटात गोळा केले आणि खाली बसून खाल्ले. वाईट नव्हता. जवसाचा खमंग वास होता, साय नव्हती तरी. इतकी वर्षं एक घास पाहिला नाही.

त्यातला एक तुकडा, चतकोराएवढा, ताटाच्या कडेला ठेवला.

ही चतकोर तिला चालली असती.