मीबघतोची पिन

ट्रक स्टँडवर त्याला सगळे ‘मीबघतो’ म्हणत. टायर बसो, हॉर्न मुका होवो, नाहीतर घरचा नळ गळो, याचं उत्तर ठरलेलं: मी बघतो. पंचवीस वर्षं एकच ट्रक हाकला, पण परक्या पान्याला त्याच्या एका नटाला शिवू दिलं नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत जॅक, घण, लाकडी ठोकळे असा सगळा पसारा मांडलेला. बायकोचा संसार आत, याचा बाहेर. आणि खरं सांगायचं तर बाहेरचा जास्त नीट लावलेला.

यंदा मात्र उजवा खांदा धरला. शर्टाच्या बाहीत हात घालायलाही बायको लागायची. तिने ट्रक विकायचा धोशाच लावला. अशात मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला आणि ट्रक लंगडत दारात आला. तेव्हा यानेच बोलून टाकलं, “हा पाटा मी एकट्याने बदलला तर ट्रक राहील. नाही जमलं तर गिऱ्हाईक बघू.”

“शब्द दिलाय हं,” बायको म्हणाली.

चाक निघालं. चासीखाली ठोकळे लागले. पान्याला लांब पाइप अडकवून पाटा आसाला आवळणारे यू-बोल्टही सोडवले. दुपारपर्यंत गडी शीळ घालत होता. राहिली ती पुढची पिन. पाट्याचं टोक चासीच्या ब्रॅकेटला धरून ठेवणारी, अंगठ्याहून जाड. ती निघाल्याशिवाय पाटा जागचा हलणार नाही.

त्याने घण घातला. ढिम्म. रॉकेल पाजलं, तासभर मुरू दिलं, गॅसने लाल होईपर्यंत तापवली, पुन्हा घण. पिन आपली सासरी रुसून बसलेल्या सुनेसारखी. घण उसळून मागे यायचा आणि खांद्यातली कळ थेट दाढेपर्यंत जायची.

आवाज ऐकून समोरच्या वर्कशॉपचा मिस्त्री काडीने कान कोरत आला. “काका, माझ्याकडे आणा. दहा मिनिटांचं काम.”

“तू रांगत होतास तेव्हापासून पाटे बदलतोय मी.”

“तेच म्हणतो, आता पुरे की!”

मीबघतोने घण उचलला, तसा मिस्त्री सटकला.

दुसऱ्या दिवशीही तेच. बायको रिकाम्या डब्यावर बसून लसूण सोलत होती. कालही ती तिथेच होती. एक शब्द बोलली नव्हती. दुपारी घणाचा आवाज थांबला. ट्रकखालून फक्त त्याचं पुटपुटणं यायला लागलं. “निघ गं बाई. एवढं ऐक माझं. पुन्हा नाही त्रास द्यायचा तुला. निघ गं.”

बायकोने हातातला लसूण सुपात टाकला. थोडा वेळ ट्रकखालून बाहेर आलेल्या त्याच्या चपलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ब्रॅकेट खालून खरवडा.”

“काय?”

“खालून खरवडा म्हटलं. मातीखाली बोल्ट असेल.”

त्याने छिन्नी घेतली. मातीचा थर निघाला, त्याखाली रंगाचा, आणि त्याखालून बोल्टचं डोकं वर आलं. मीबघतो बघतच राहिला. आठ वर्षांपूर्वी ही पिन चालत्या गाडीत सरकली होती. तेव्हा यानेच ब्रॅकेट आणि पिनला ड्रिलने आरपार भोक पाडून आडवा बोल्ट ठोकला होता, वरून चासीबरोबर रंगही मारला होता. आणि घरात येऊन छाती काढून म्हणाला होता, “आता प्रत्यक्ष यम आला तरी ही पिन निघणार नाही.” यमाचं माहीत नाही, पण त्याला स्वतःला तो बोल्ट दोन दिवस पुरून उरला.

आडवा बोल्ट निघाला. मग घणाचे तीनच दणके, आणि पिन टणकन जमिनीवर.

तो सरपटत बाहेर आला. तोंड काळं, डोळे तेवढे पांढरे.

“तुला कधी आठवलं?”

“काल. तुम्ही रॉकेल ओतत होता तेव्हा.”

“आणि आज सांगतेस? दोन दिवस खांदा फोडून घेतला मी!”

“नसतं सांगितलं तर ट्रक विकला गेला असता. म्हणून बसले होते गप्प.”

“मग सांगितलंस कशाला?”

तिने सूप उचललं. “लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला कधी असं विनवलं नाहीत तुम्ही. त्या लोखंडाला विनवताना ऐकवेना.”

तो नव्या पिनला ग्रीस चोळत बसला. मग म्हणाला, “एकट्याने नाही जमलं. शब्द शब्द असतो. मिस्त्रीला सांग, गिऱ्हाईक असेल तर घेऊन ये.”

“मी कुठे घण मारला?” ती म्हणाली. “उगाच मला मध्ये ओढू नका. आधी पाटा चढवा, लंगड्या गाडीला कोण घेणार?”

पाटा एकट्याला उचलवेना. तिने लसणाचे हात पदराला पुसले आणि दुसरं टोक धरलं. या खेपेला त्याने ‘मी बघतो’ म्हटलं नाही. “जरा वर,” म्हणाला. “अजून जरा. हां, धर तिथेच.”

नव्या पिनलाही भोक पाडून आडवा बोल्ट पुन्हा बसवला, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठळक ठिपका दिला. गिऱ्हाइकाचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनेच ‘ट्रक विकायचाय ना?’ असं विचारलं तेव्हा बायको दारातून म्हणाली, “आम्ही बघतो.”