देवाजवळ चहाड्या

अख्ख्या नंदाखाल गावात देवाजवळ लोकांच्या चहाड्या करणारी बाई एकच, ती म्हणजे माझी शेजारीण. आमच्याकडे ऑक्टोबरात संध्याकाळी घरोघर माळेची प्रार्थना होते, आज हिच्या ओटीवर, उद्या तिच्या. माळ संपली की ज्यानं त्यानं मोठ्यानं देवाकडे मागायचं. लोक पोरांना नोकरी मागतात. ही मागायची, "प्रभू, पलीकडच्या भावाला बुद्धी दे, त्याची बकरी माझी केळ खाते." भाऊ तिथंच बसलेला! आणि आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." म्हणावंच लागतं. दुसऱ्या दिवशी बकरी दाव्याला. एकदा दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, तर ही म्हणते, "देवा, तोंडं फिरवून फिरवून दोघींच्या माना दुखत असतील, बऱ्या कर." हसू दाबताना एकीची माळ तुटली, दुसरी मणी वेचायला वाकली, झालं, बोलणं सुरू. फादर म्हणाले, "बाय, देवाला नावं कशाला सांगता? त्याला सगळं ठाऊक असतं." तर म्हणते, "त्याला ठाऊक असतं हो फादर, यांना नसतं."

माझा घरवाला गेला तेव्हा मी काय रडले नाही. मुलगी त्याच्या आधीच वारली होती, डोक्यावर केळ्यांच्या पाट्या वाहून मान ताठ झालेली, रडायची सवय नव्हती. नुसतं दार लावलं आणि चूल बंद केली. रविवारी देवळात मिस्साला जाणं सोडलं. लोक पेज आणून ठेवायचे, ती कोंबड्या खायच्या. मला उठायचंच नव्हतं, खरं सांगते. अंगावरचं लुगडं ढिलं व्हायला लागलं.

मग एका संध्याकाळी सगळी माळ माझ्याच ओटीवर. कोणी विचारलंसुद्धा नाही. मी आत पडून ऐकत होते. माळ संपली आणि हिचा आवाज आला, "प्रभू, आतल्या बाईला विश्रांती दे. आणि तुझे उपकार, की आता तिच्या हातचं बोंबलाचं कालवण आम्हाला खावं लागणार नाही. फार खारट करायची बिचारी."

आणि ते सगळे म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

मी धाडकन दार उघडलं. "कोण म्हणतं खारट? तुझ्या नवऱ्यानं पातेलं चाटलंय माझं!"

"मला काय माहीत," ती म्हणाली, "मी खाऊन किती दिवस झाले."

तिच्या पिशवीत सुके बोंबील होते. कांदा दुसऱ्या कोणी आणलेला, चिंच तिसरीनं, तांदूळ त्या बकरीवाल्या भावानं. सगळ्यांनी आधीच ठरवलेलं, मेल्यांनी. रागारागानं चूल पेटवली, कालवण केलं, सगळ्यांना वाढलं, आणि ते जेवतात तेवढ्यात मीही ताट घेतलं. हिनं मागून मागून खाल्लं, बरं झालंय एवढंसुद्धा बोलली नाही.

आता तिचे गुडघे गेलेत. माळ रोज तिच्याच ओटीवर असते, आम्हीच जातो. ती खांबाला टेकून बसते आणि मधेच झोपी जाते. तिला कोणी उठवत नाही. आम्ही फक्त आवाज बारीक करतो.