वहिनींची गोळी, माझी बाटली

मी गावाशी खोटं बोललो होतो, हे आधी सांगतो. नेकनूरजवळच्या आमच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. थोरल्या भावाची बायको, सुमनवहिनी, गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी. महिन्यापूर्वी त्या हृदयविकारानं गेल्या... भेटायला येणाऱ्या बायांच्या नजरेला नजर देणं मला जमेना.

ऊसतोडीला निघण्याआधी वहिनी टोळीतल्या प्रत्येक बाईचं रक्त तपासून घ्यायच्या. बाया म्हणायच्या, "मोळी उचलती की मी, मला काय धाड भरली?" धडधाकट दिसणाऱ्या बाईचंही रक्त थोडं कमी असू शकतं, हे पटवायला त्या दारोदार हिंडत. ज्यांचं कमी निघे त्यांना लोहाची गोळी. लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. गोळीनं शौचाला काळं होतं म्हणून बाया भ्यायच्या. वहिनी ओट्यावर बसून मोठ्यानं सांगायच्या, "माजं बी काळंच व्हतंय, मी मेले का?" बाया हसून लोटपोट व्हायच्या आणि गोळी गिळायच्या. गावासाठी लाज बाजूला ठेवणारी ही बाई आमच्या घरातली होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तीच भीती मी विकली. "त्या गोळीनं आतडं जळतं," असं सांगून जीवनसत्त्वांची लाल बाटली खपवली. तिच्यात लोह नव्हतंच. बाटली घेऊन गेलेली टोळीतली कांता उसाच्या फडावरून परतली ती धापा टाकत. रक्त आधीपेक्षा खाली गेलेलं. वहिनी थेट दुकानात आल्या.

"भावजी, कांताला गोळ्या कावून सोडायला लावल्या?"

"चुकलं, वहिनी."

"मला नका सांगू. माजं रक्त न्हाई आटलं. त्या बायांना सांगा."

मी सांगितलं नाही. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं दोन हंगाम गेले. वहिनींनी गावात माझं नाव कधी काढलं नाही. कांताला मात्र रोज समोर बसवून गोळी दिली. कित्येक महिन्यांनी ती पुन्हा दम न लागता मोळी उचलू लागली.

परवा टोळी निघायच्या आधी बाया दुकानात आल्या. "ताई तर गेल्या... आता बाटलीच द्या," एक जण म्हणाली. कांता मागं उभी होती. मी काउंटरच्या बाहेर आलो, हात जोडले.

"बायांनो, गोळीनं आतडं जळतं हे मी खोटं सांगितलं. बाटली खपावी म्हणून. वहिनी खरं सांगत होत्या. कांता, तुझं रक्त माझ्यामुळं आटलं... मला माफ कर."